कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सन्मान विद्यार्थ्यांनी कसा करावा?

दरवर्षी फेब्रुवारी महिना आला की अमेरिकेत 'ब्लॅक हिस्टरी मंथ', म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळला जातो. ब्रिटनमध्ये हाच महिना १९८७ पासून ऑक्टोबरमध्ये साजरा होतो. आपल्याकडचे अनेक तरुण-तरुणीही त्या काळात मोबाईलवर मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोटो स्टेटसला ठेवतात, एखादे वाक्य शेअर करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातात. भावना चांगली आहे, पण स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते. ज्या समाजाचा इतिहास शेकडो वर्षे पुसला गेला, त्याचा सन्मान चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या गोष्टीने कसा होईल?

मग तो करायचा कसा? विशेषतः विद्यार्थ्यांनी? हा महिना मुळात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी उभा केलेला आहे. तो कसा उभा राहिला हे कळले की आपण काय करायचे तेही आपोआप कळते.

महिना कसा सुरू झाला?

या महिन्याचे जनक डॉ. कार्टर वुडसन. त्यांचा जन्म १८७५ साली व्हर्जिनियात झाला. आई-वडील दोघेही पूर्वी गुलामीत होते. घरची गरिबी इतकी की तरुणपणी त्यांना कोळशाच्या खाणीत काम करावे लागले, त्यामुळे हायस्कूलचे शिक्षण वयाची विशी आल्यावर सुरू झाले. त्याच माणसाने १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. हार्वर्डची पीएच. डी. मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. पहिले होते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस, १८९५ साली.

एवढ्या मोठ्या विद्यापीठात शिकताना वुडसन यांच्या लक्षात आले, की अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा समाज जवळजवळ नाहीच, आणि जिथे आहे तिथे तो मालकाच्या नजरेतून आहे. १९१५ साली त्यांनी शिकागोत इतिहास संशोधनाची संस्था स्थापन केली आणि १९१६ साली नियतकालिक काढले. १९२६ साली त्यांनी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा म्हणून जाहीर केला. तोच आठवडा का? कारण १२ फेब्रुवारी ही अब्राहम लिंकन यांची जयंती, आणि १४ फेब्रुवारीला फ्रेडरिक डग्लस यांची जयंती त्यांचा समाज आधीपासूनच साजरी करत होता. लोक जो दिवस मनापासून पाळतात, त्या दिवसाला वुडसन यांनी अभ्यास जोडला.

ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. १४ एप्रिलच्या निमित्ताने महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो, तो याच विचाराचा आहे.

आठवड्याचा महिना विद्यार्थ्यांनी केला. ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १९६९ साली तशी मागणी केली आणि १९७० साली पहिला महिना साजरा केला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, जेराल्ड फोर्ड यांनी, त्याला मान्यता दिली १९७६ साली. म्हणजे वुडसन यांनी सुरुवात केल्यानंतर तब्बल ५० वर्षांनी. आधी समाजाने केले, सरकार मागून आले.

विद्यार्थी नेहमी पुढे होते

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो शहरात चार विद्यार्थी वूलवर्थ नावाच्या दुकानात गेले. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅककेन आणि जोसेफ मॅकनील ही त्यांची नावे. चौघेही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दुकानात त्यांना वस्तू विकत मिळाल्या. पण त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली तेव्हा नकार मिळाला, कारण ती जागा फक्त गोऱ्यांची होती. पैसे चालतात, माणूस चालत नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, नंतर शेकडो आले आणि दक्षिणेतील शहराशहरांत हे लोण पसरले. जुलै महिन्यात त्या दुकानाला आपला काउंटर सर्वांसाठी खुला करावा लागला. ज्यांच्या घरात महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सांगितली जाते, त्यांना या कॉफीच्या कपाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ब्लॅक पँथर पार्टीची स्थापना १९६६ साली ऑकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी केली. हे दोघे मेरिट कॉलेजचे विद्यार्थी होते आणि तिथे कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला जावा या मागणीसाठी झटत होते. पँथरचा काळा कोट आणि बंदूक आपल्याला ठाऊक असते. त्याआधीची अभ्यासक्रमाची मागणी फारशी कोणी सांगत नाही. १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट येथे विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो जवळजवळ पाच महिने चालला. त्यातून तिथे कृष्णवर्णीय अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आणि इतर वंचित समाजांच्या अभ्यासासाठी महाविद्यालय उभे राहिले. आज जगभरच्या विद्यापीठांत असे विभाग दिसतात, त्यामागे कोणाच्या तरी मुलांनी परीक्षा, वर्ष आणि प्रसंगी तुरुंगवास पणाला लावलेला आहे.

आपले नाते किती जुने?

हे नाते दीडशे वर्षांचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना तो अर्पण केला. अमेरिकेत गुलामगिरी घटनेने संपली १८६५ साली. म्हणजे अवघ्या आठ वर्षांत पुण्यातील एक माणूस त्या घटनेकडे आपल्या समाजाच्या मुक्तीचा रस्ता म्हणून पाहत होता. आज आपण त्यात एक भर घालू शकतो. तेव्हाच्या लढ्यात केवळ गोरे सज्जन नव्हते. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यातून लढले. हॅरिएट टबमन यांच्यासारखी स्त्री स्वतः पळून सुटली आणि इतरांना सोडवण्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच मृत्यूच्या प्रदेशात गेली. मुक्ती त्यांना कोणी दान दिलेली नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हे विद्यापीठ हार्लेमला लागून आहे, आणि नेमक्या त्याच वर्षांत हार्लेम ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती बनत होती. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली होती. त्या निवेदनाच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या आणि अस्पृश्यांच्या व त्यांच्या स्थितीत किती साम्य आहे हे कळवले. डु बॉइस यांनी उत्तर दिले, बाबासाहेबांचे नाव आपण ऐकून आहोत असे सांगितले आणि अस्पृश्यांविषयी सहानुभूती व्यक्त केली. दोन खंडांतील दोन विद्वानांनी एकमेकांकडे मागितले ते कागद आणि पुरावे. सन्मान करण्याची ही रीत आपण लक्षात ठेवावी.

मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले आणि त्यांनी तिथले कृष्णवर्णीय साहित्य विद्यार्थ्यांपुढे मांडले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. 'अस्मितादर्श'च्या पिढीला या वाचनाचे बळ मिळाले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच ऑकलंडहून घेतले.

दुसऱ्या दिशेने आलेली आठवणही आहे. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळमधील एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतून आलेले एक अस्पृश्य अशी करून दिली. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी आपल्या देशातील आपल्या बांधवांचा विचार केला आणि मनाशी कबूल केले, की होय, मी अस्पृश्यच आहे. १९६५ सालच्या एका प्रवचनात त्यांनी स्वतः हे सांगितले आहे.

मात्र साम्य म्हणजे सारखेपणा नव्हे. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांत फरक काय, यावर बाबासाहेबांनी स्वतंत्रपणे लिहिले आहे. भारतातील स्थिती अमेरिकेपेक्षा बरी, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना ते उत्तर होते. आपण त्याचा उपयोग कोणाचे दुःख मोठे, अशी स्पर्धा लावण्यासाठी करू नये. कृष्णवर्णीय मित्र आपली कहाणी सांगत असताना मध्येच तोडून आमच्याकडे तर याहून वाईट होते, असे म्हणणे हा सन्मान नाही. आधी ऐकावे. आपली पाळी येतेच.

आता प्रत्यक्षात काय करायचे?

पहिली गोष्ट, शब्द. मराठी पुस्तकांत 'निग्रो' हा शब्द सर्रास सापडतो, कारण त्या काळात ते लोक स्वतःही तो वापरत. वुडसन यांच्या संस्थेच्या नावातही तो होता. पण आज तो अपमानकारक मानला जातो. जुन्या ग्रंथाचे नाव सांगताना तो येईल, आपल्या बोलण्यात येऊ नये. कृष्णवर्णीय, आफ्रिकन-अमेरिकन, ब्लॅक हे शब्द आहेत. तसेच 'ते गुलाम होते' असे म्हणण्याऐवजी 'त्यांना गुलाम केले गेले' असे म्हणावे. पहिल्या वाक्यात गुलामी ही त्या माणसाची ओळख होते, दुसऱ्यात ती कोणीतरी केलेला गुन्हा ठरते. 'हरिजन' हा शब्द आपण का नाकारला हे ज्याला माहीत आहे, त्याला हा फरक लगेच पटेल. आणि नावांचेही तसेच. गुलाम केलेल्यांची मूळ नावे पुसली गेली, अनेकांच्या वाट्याला मालकांचीच आडनावे आली. माल्कम यांनी आडनावाच्या जागी 'एक्स' लावले ते त्या हरवलेल्या नावासाठी. आडनाव माणसाला कुठे नेऊन बसवते, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट, इतिहास गुलामीपासून सुरू करू नका आणि गुलामीवर संपवूही नका. टिंबक्टूच्या हस्तलिखितांचा, ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी बांधकामाचा, अक्सूमच्या राज्याचा आफ्रिका गुलामांच्या जहाजांआधीचा आहे. अटलांटिक महासागरापार सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत भरून नेली गेली आणि त्यांपैकी जवळपास १८ लाख वाटेतच मेली. उत्तर अमेरिकेच्या वाट्याला थेट आले ते चार लाखांहून कमी. बाकीचे बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेले. म्हणून हा इतिहास एकट्या अमेरिकेचा नाही. हैतीमध्ये गुलाम केलेल्या लोकांनी १७९१ साली उठाव केला आणि १८०४ साली स्वतःचे स्वतंत्र राष्ट्र घोषित केले. फ्रान्सने १८२५ साली त्याच हैतीकडून मालकांच्या नुकसानीची भरपाई मागितली, आणि ते ओझे त्या देशाने पिढ्यान्पिढ्या वाहिले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात क्वचितच येते.

तिसरी गोष्ट, त्यांचे त्यांनी लिहिलेले वाचा. साउथ कॅरोलायनात १७४० पासून गुलामांना लिहायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. पुढे इतर राज्यांनीही असे कायदे केले. त्या परिस्थितीत फ्रेडरिक डग्लस चोरून वाचायला शिकले आणि १८४५ साली त्यांनी आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. हॅरिएट जेकब्स मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावरील अरुंद जागेत जवळपास सात वर्षे लपून राहिल्या, त्यांचे पुस्तक १८६१ साली आले. डु बॉइस यांचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' १९०३ चे, वुडसन यांचे 'द मिसएज्युकेशन ऑफ द निग्रो' १९३३ चे. पुढे जेम्स बाल्डविन, माया अँजेलो, आणि १९९३ साली साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या टोनी मॉरिसन. ज्यांनी 'बलुतं', 'उपरा', 'जिणं आमुचं' वाचले आहे, त्यांना डग्लस आणि जेकब्स परके वाटणार नाहीत. जुनी पुस्तके इंटरनेटवर कायदेशीरपणे फुकट मिळतात, इंग्रजी अवघड वाटले तर चौघांनी मिळून रोज पाच पाने वाचावीत.

चौथी गोष्ट, तीन नावांच्या पलीकडे जा. किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावे सर्वांना माहीत असतात. पण रोझा पार्क्स यांच्याआधी नऊ महिने, २ मार्च १९५५ रोजी, त्याच माँटगोमेरी शहरात क्लॉडेट कोल्व्हिन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने बसमधील जागा सोडायला नकार दिला होता. बसमधील भेदभाव ज्या खटल्यामुळे कायद्याने संपला, त्यात ती एक वादी होती. रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर रातोरात हजारो पत्रके छापणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन या महाविद्यालयातील शिक्षिका होत्या. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. १९६० साली विद्यार्थ्यांची संघटना उभी करताना एला बेकर यांनी आग्रह धरला की तरुणांनी मोठ्यांच्या संघटनेची शाखा न होता स्वतःचे निर्णय स्वतः घ्यावेत. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे सारे नियोजन बेयर्ड रस्टिन यांचे, पण ते समलिंगी असल्यामुळे त्यांना मागे ठेवले गेले. चळवळीने आपल्याच माणसांना मागे ठेवल्याच्या गोष्टीही इतिहासाचाच भाग आहेत. त्या लपवू नयेत. स्त्रियांच्या बाबतीत आपल्याकडेही हेच झाले आहे, म्हणूनच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' लिहावे लागले.

पाचवी गोष्ट, संस्कृतीचा सन्मान आणि संस्कृतीची नक्कल यांत फरक करा. शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनात अजूनही तोंडाला काळे फासून, कमरेला पाने बांधून 'झिंगालाला' करणारा 'आफ्रिकन डान्स' बसवला जातो आणि पालक टाळ्या वाजवतात. अमेरिकेत एकेकाळी गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत, तो शंभर वर्षे चाललेला धंदाच होता. आपला डान्स त्याचाच दूरचा भाऊ आहे. तुमच्या कॉलेजात असा कार्यक्रम बसत असेल तर दिग्दर्शकाशी बोला आणि पर्याय द्या. फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १८७१ साली संस्था वाचवण्यासाठी गावोगाव फिरून आपल्या पूर्वजांची भक्तिगीते गायली आणि त्या पैशांतून संस्था तारली. अशी गोष्ट मंचावर सांगता येते. आंबेडकरी जलशांनी गाण्यातून विचार वस्तीवस्तीत नेला, तसेच त्यांच्या ब्लूज, जॅझ आणि रॅपने केले. हिप-हॉपचा जन्म १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत झाला असे मानतात. आज आपली मुले मराठीत रॅप करतात, भीमगीतालाही ती चाल लावतात. चांगलेच आहे. फक्त हा प्रकार कुठून आला, कोणाचा आहे, हे गाण्याआधी दोन वाक्यांत सांगावे.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती घरातली आहे. पुण्या-मुंबईत आफ्रिकन देशांतून आलेले विद्यार्थी शिकतात. त्यांना खोली नाकारली जाते, रस्त्यात 'हबशी', 'कालिया' म्हणून हाका मारल्या जातात, न विचारता त्यांचे फोटो काढले जातात. जात विचारून खोली नाकारली गेल्याचा अनुभव ज्या समाजाला आहे, त्या समाजातील कोणी रंग पाहून खोली नाकारत असेल तर फेब्रुवारीतील स्टेटसला काय अर्थ उरतो? आपल्याच वधू-वर मेळाव्यांतील परिचयपत्रे पाहा. 'गोरी', 'उजळ' हे शब्द अजून गेलेले नाहीत. सावळ्या मुलीला लहानपणापासून जे ऐकवले जाते ते थांबवणे, हाही याच सन्मानाचा भाग आहे.

आणि आफ्रिका दूर आहे असे समजू नका. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, हे शहर वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता. गुलाम म्हणून तो अनेकदा विकला गेला, पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांशी वर्षानुवर्षे लढला आणि १६२६ साली वारला. त्याने शहरासाठी बांधलेली पाण्याची नहर प्रसिद्ध आहे, त्याची कबर खुलताबादेत आहे. नागसेनवनात शिकणारा प्रत्येक विद्यार्थी या माणसाच्या शहरात शिकतो. मुरुड-जंजिऱ्याच्या किल्ल्यावर ज्या सिद्दींचे राज्य होते तेही मूळचे आफ्रिकेतूनच आलेले. सहल काढायचीच असेल तर खुलताबादला काढा, आणि जाण्याआधी वाचून जा.

परदेशात शिकणाऱ्यांसाठी

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी एक गोष्ट समजून घ्यावी. अमेरिकेत भारतीयांना मोठ्या संख्येने जाता येऊ लागले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. देशोदेशींच्या वंशाचा हिशेब करून प्रवेश देण्याची जुनी पद्धत त्या कायद्याने मोडली. नागरी हक्कांच्या लढ्याने तयार केलेल्या वातावरणातच तो मंजूर झाला. म्हणजे आपल्या व्हिसाच्या पाठीमागेही माँटगोमेरीचे पायी चालणारे लोक आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. जातिभेदाविरुद्ध तिथे दाद मागताना ज्या नागरी हक्कांची भाषा वापरता येते, ती भाषा कृष्णवर्णीयांनी रक्त सांडून मिळवलेली आहे.

तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या कार्यक्रमाला जा, खुर्च्या लावायला मदत करा, माईक मात्र लगेच मागू नका. आपल्या विद्यापीठाचा इतिहास विचारा. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे उदाहरण पाहा. १८३८ साली संस्था कर्जात होती म्हणून ती चालवणाऱ्या धर्मगुरूंनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष आणि मुले विकली. २०१५ साली विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, त्या व्यवहाराशी संबंधित लोकांची नावे इमारतींवरून हटवली गेली. २०१९ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी मतदान करून ठरवले, की त्या विकल्या गेलेल्यांच्या वंशजांसाठी आपण दर सत्राला २७ डॉलर २० सेंट शुल्क भरावे. रक्कम २७२ या आकड्यावरून ठरवलेली. त्या मुलांनी स्वतः गुन्हा केला नव्हता, तरी त्यांनी हिशेब उघडला.

एका रविवारचा कार्यक्रम

मोठा निधी लागत नाही. विहारात, अभ्यासिकेत किंवा वसतिगृहाच्या हॉलमध्ये एका रविवारी १५ ते २० जण जमा. सकाळी दोन तास एकाच पुस्तकातील एकच प्रकरण मोठ्याने वाचा आणि त्यावर बोला. नंतर भिंतीवर लांब कागद लावून दोन ओळींची कालरेषा काढा. वरच्या ओळीत त्यांचा इतिहास, खालच्या ओळीत आपला. १८४५ खाली १८४८ येईल, जेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. १८६५ आणि १८७३ शेजारी दिसतील. १९२६ आणि १९२७ जवळजवळ चिकटतील. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवला आणि दोन वर्षांनी, १९५६ साली, नागपूरला धम्मदीक्षा झाली. ही रेषा स्वतः काढल्यावर जे समजते ते भाषण ऐकून समजत नाही.

दुपारी प्रत्येकाने एका कमी माहीत असलेल्या व्यक्तीवर २०० शब्द मराठीत लिहावेत, तारखा दोन ठिकाणी तपासून घ्याव्यात. ते लेखन महाविद्यालयाच्या अंकात द्या, मराठी विकिपीडियावर संदर्भासह घाला. जवळपास एखादा आफ्रिकन विद्यार्थी असेल तर त्याला जेवायला बोलवा. भाषण द्यायला नव्हे, जेवायला. तो स्वतःहून आपल्या देशाबद्दल बोलला तर ऐका. नायजेरिया, सुदान, केनिया या तीन वेगवेगळ्या देशांतील माणसांना एकच समजण्याची आपली सवय तिथेच सुटेल.

हे सारे आत्ताच का?

कारण पुसण्याचे काम थांबलेले नाही. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याने हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा विषय नाकारला. अमेरिकेतील अनेक शाळांच्या ग्रंथालयांतून टोनी मॉरिसन यांची पुस्तके हटवली गेली. पाठ्यपुस्तकातून धडा कसा गळतो, हे आपल्यालाही दिसते आहे. एका समाजाचा इतिहास काढून टाकणे जिथे सोपे होते, तिथे दुसऱ्याचाही फार काळ टिकत नाही.

वुडसन यांच्याकडे १९२६ साली ना सरकारची मान्यता होती ना मोठे पैसे. त्यांनी शिक्षकांना पत्रे पाठवली, मुलांसाठी तक्ते आणि पुस्तिका तयार केल्या, आणि हेच काम १९५० साली मृत्यू येईपर्यंत केले. पुढच्या फेब्रुवारीला स्टेटस ठेवायला हरकत नाही. पण त्याआधी त्या फोटोतील माणसाचे एक पुस्तक वाचून झालेले असावे, आणि ते वाचायला आपण आणखी एकाला दिलेले असावे.